पायाचा हुकूम आणि यंत्राची कचेरी

‘पिकअप’ या एकाच शब्दाने मराठीत दोन बिऱ्हाडे थाटली आहेत. मागे उघडा हौदा असलेली, टोमॅटोच्या क्रेटांपासून लग्नमांडवाच्या कनातींपर्यंत वाटेल ते वाहून नेणारी आटोपशीर मालगाडी ही पिकअप. आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडताच कोणत्याही गाडीने जो उठाव घ्यावा, त्यालाही आपल्याकडचे ड्रायव्हर आणि मिस्त्री पिकअपच म्हणतात. त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ ही तक्रार ऐकणाऱ्याला शाब्दिक कोटीसारखी वाटली, तरी ज्याच्या पायाखाली ती गाडी आणि पाठीशी दीड टन माल असतो, त्याच्या दृष्टीने तिच्यात विनोदाचा लवलेश नसतो.

पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो घेऊन वाशीच्या बाजारात गेलेल्या आणि परतीला भिवंडीच्या गोदामातला माल भरून निघालेल्या अशा एका पिकअपमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या जागेवर बसून, कसारा घाट चढण्याचा योग मला आला होता. वळणावर एका अवजड ट्रेलरमागे गाडी मंदावली, ट्रेलर बाजूला झाला, ड्रायव्हरने पाय पूर्ण दाबला, आणि काहीच घडले नाही. म्हणजे घडले, पण आपण मनाशी एक-दोन मोजावे इतक्या वेळाने. “बघा साहेब, पाय देतो पण ही ऐकतच नाही. महिना झाला, लईच सुस्तावली. एक जण म्हणतो पेडलला डबी बसव, दुसरा म्हणतो प्रोग्राम मारून घे,” असे तो त्राग्याने म्हणाला. त्याच्या त्या एका महिन्याच्या उल्लेखाचे महत्त्व मला त्या वेळी कळले नाही.

पाय आणि चाक यांच्यामधला हा विलंब नेमका कोठे मुरतो, हे समजून घ्यायचे तर डिझेल इंजिनाचा स्वभाव आधी ध्यानी घ्यावा लागतो. पेट्रोलच्या इंजिनात ॲक्सिलरेटर म्हणजे मुख्यतः हवेचा दरवाजा होय. तो जितका उघडावा तितकी हवा आत जाते आणि तिच्या मानाने पेट्रोल सोडले जाते. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वीरीत्या चालवून दाखवले, त्याच्या वंशजांची रीत याच्या उलट आहे. त्यात हवेला मज्जाव नसतो. प्रत्येक धावेत सिलिंडर भरेल तेवढी हवा घ्यायची, ती प्रचंड दाबून तापवायची आणि शक्ती जेवढी हवी तेवढेच डिझेल तीत फवारायचे, असा तो व्यवहार आहे. आधुनिक डिझेल गाड्यांच्या हवेच्या मार्गातही एक झडप आढळते खरी, पण तिची नेमणूक मुख्यतः धुराच्या शुद्धीकरणासंबंधीच्या आणि इंजिन अलगद बंद करण्याच्या कामावर झालेली असते. शक्तीचे वाटप तिच्या अखत्यारीत येत नाही.

जुन्या काळी पेडलपासून निघालेली सळई अथवा तार थेट इंधनपंपाच्या तरफेला जाऊन भिडत असे. बॉश कंपनीने १९२७ पासून असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, आणि १९५४ साली टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले तेव्हा आपल्या घाटवाटांवर जी इंजिने घोंगावू लागली, तीही याच पंथाची होती. पाय दाबला की पंप डिझेल सोडीत असे. ते जाळण्यापुरती हवा सिलिंडरमध्ये आहे की नाही, याची पृच्छा कोणी करीत नसे. मग जे जळे ते जळे आणि उरलेल्याची काजळी होऊन ती मागच्या मोटारीतल्या मंडळींच्या तोंडावर उडे. तो काळा लोट पाहून ‘काय दम आहे गाडीत’ असे म्हणणारी एक पिढी होऊन गेली. वस्तुतः तो लोट म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या आणि धड न जळताच फेकून दिलेल्या डिझेलची काजळी होती. परंतु पायाने हुकूम द्यावा आणि इंजिनाने तो तत्क्षणी, बरावाईट न पाहता, अमलात आणावा, ही त्या व्यवस्थेची खुमारी होती, हेही नाकारून चालणार नाही.

आता तो हुकूम राहिलेला नाही; त्याचा अर्ज झाला आहे. आजच्या पिकअपच्या पेडलपासून इंजिनापर्यंत ना सळई जाते ना तार. पेडलच्या मुळाशी दोन संवेदक बसवलेले असतात. पाय किती दाबला याची वर्दी ते दोघे स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या विद्युतदाबाच्या रूपाने, मिस्त्री लोक ज्याला ईसीएम म्हणतात त्या नियंत्रक पेटीकडे पाठवतात. दोघांची साक्ष जुळली नाही तर पेटी कोणावरच विश्वास ठेवीत नाही आणि गाडीला केवळ रखडत घरी पोहोचण्यापुरती शक्ती मंजूर करते. साक्ष जुळली, तरी अर्जाचा प्रवास संपत नाही. इंजिन किती तापले आहे, फेरे किती आहेत, ब्रेकवर पाय आहे काय, गिअर कोणता, आत येणारी हवा किती, असे शेरे त्यावर पडत जातात. अनेक नव्या गाड्यांत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर ब्रेकचा शब्द अखेरचा मानून शक्ती तोडली जाते. घाटात एका पायाने दोन्ही पेडले सांभाळण्याची जुनी कसरत करणाऱ्या उस्तादांना नवी गाडी ‘मेल्यासारखी’ वाटते, ती पुष्कळदा यामुळेच. ब्रेकचा बिघडलेला स्विच ब्रेक दाबल्याचा खोटा अहवाल कायम देत राहिला, तर ब्रेकला पाय न लावताही अर्ज नामंजूर होऊ शकतो.

या कचेरीतला आणखी एक शिरस्ता सांगण्याजोगा आहे. इंजिनाच्या गिअरपेटीपासून मागच्या चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांमध्ये आणि दातेरी चाकांमध्ये थोडी ढिलाई असतेच. पाय उचललेला असताना चाके इंजिनाला ढकलत असतात. पाय दाबताच इंजिन चाकांना ओढू लागते. आणि या उलटापालटीत ती सगळी ढिलाई एका झटक्यात भरून निघून ‘खट्ट’ असा आवाज होतो. हा झटका टळावा म्हणून पेटी त्या क्षणापुरती शक्ती मुद्दाम हळूहळू वाढवते. खड्ड्यांतून जाताना ड्रायव्हरचा पाय पेडलवर हिंदकळला तर त्या प्रत्येक हिसक्याची तामिली होऊ नये, याचीही तजवीज तिने केलेली असते. पेडलच्या पहिल्या भागात गाडी काहीशी बधिर वाटते, ती या दोन कारणांनी. तिच्या निर्मात्यांनी ती समजून-उमजून तशी ठेवलेली असते.

एवढे वाचून सारा दोष या कचेरीच्या माथी मारण्याचा मोह कोणालाही होईल. माझाही तसाच ग्रह होता. परंतु साधा हिशेब मांडल्यावर तो टिकला नाही. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल तर त्यातल्या कोणत्या ना कोणत्या सिलिंडरमध्ये दर सेकंदाला ४० वेळा, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाने एकदा, डिझेल फवारले जाते. पेटीची स्वतःची उलटतपासणी सेकंदाच्या शतांश भागांत आटोपते. सामाईक नळीत, जिला कॉमन रेल म्हणतात तीत, शेकडो बार दाबाने डिझेल आधीच वाट पाहत उभे असते. झटके टाळण्यासाठी राखलेली सवलत धरली तरी कचेरीतला विलंब सेकंदाच्या लहानशा अंशाचाच भरतो. कसारा घाटात आम्ही मोजलेले एक-दोन सेकंद त्यात बसत नाहीत. ते हवेने घेतलेले असतात.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, हे झाले पुस्तकी प्रमाण. सिलिंडरमध्ये दोहोंची परिपूर्ण सरमिसळ होण्याइतका अवकाश नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक हवा हाताशी ठेवावी लागते, नाहीतर काजळी धरते. आता अडीच लिटर क्षमतेच्या इंजिनाचा विचार करा. १,२०० फेऱ्यांवर, बाहेरचा दाब आहे तसा धरला तर, ते सेकंदाला २५ लिटर हवा ओढते. तेच इंजिन २,००० फेऱ्यांवर चालत असेल आणि टर्बो हवेची घनता दुप्पट करीत असेल, तर त्याला मोकळ्या हवेतल्या मापाने ८० लिटरांहून अधिक मिळते. चढावर आपण जी शक्ती मागतो ती या ८० लिटरांच्या भरवशावर, आणि पाय दाबतो तेव्हा तिजोरीत असतात २५. पेटी तिजोरी पाहून तेवढ्यापुरत्याच डिझेलला मंजुरी देते आणि उरलेला अर्ज हवा येईपर्यंत तहकूब ठेवते. जुन्या गाडीने हाच अर्ज डोळे झाकून मंजूर केला असता आणि घाट काळा केला असता.

ही अधिकची हवा पुरवणारा टर्बो आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याच्या बुद्धीतून निघाला; त्याचे मूळ पेटंट १९०५ सालचे. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या तप्त धुराने एक चाक फिरवायचे आणि त्याच्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची, ही कल्पना इतकी सुटसुटीत आहे की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचे नवल वाटावे. पण तिच्यात एक पेच आहे. जास्त हवा हवी तर चाक जोरात फिरले पाहिजे. चाक जोरात फिरायचे तर जास्त धूर पाहिजे. जास्त धुरासाठी जास्त डिझेल जाळले पाहिजे. आणि जास्त डिझेल जाळण्यास तर हवाच नाही. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण टर्बोला जितकी चपखल लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. हा गुंता एका क्षणात सुटत नाही. थोडे डिझेल, थोडा धूर, थोडी हवा, पुन्हा थोडे अधिक डिझेल, असा तो पायरीपायरीने उलगडतो. मुठीत मावेल एवढ्या त्या चाकाला मिनिटाला ४०,००० फेऱ्यांवरून १,२०,००० फेऱ्यांवर न्यायचे म्हणजे वेग तिप्पट झाला, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच्या अंगी नऊपट ऊर्जा भरावी लागली.

प्रदूषणाच्या नियमांनी या विलंबात आपली भर घातली आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून, मधला पाचवा टप्पा वगळून, भारत स्टेज सहाचे मानक लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादाही दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आली. नायट्रोजनची घातक ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून थोडा धूर पुन्हा इंजिनातच फिरवण्याची युक्ती, जिला मिस्त्री ईजीआर म्हणतात, ती याच्या पुष्कळ आधीपासून रूढ आहे. हलक्या पायाने गाडी चालत असताना हा फेरा चालू असतो. एकाएकी शक्ती मागितली की त्याची झडप मिटावी लागते, आणि ती मिटेपर्यंत टर्बोच्या हक्काचा काही धूर भलतीकडेच वळलेला आणि सिलिंडरमधली काही जागा निरुपयोगी वायूने अडवलेली असते. पुढे काजळी गाळणारी डीपीएफची चाळण आली. ती तुंबू लागली की टर्बोच्या चाकामागे प्रतिदाब वाढतो आणि ते अधिकच आळसावते.

उंचीचाही प्रभाव पडतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्क्यांनी उणा असतो, म्हणून आपल्याकडे हा मुद्दा गौण. परंतु अमेरिकेत, जेथे सहा-साडेसहा लिटरांच्या डिझेल पिकअपमागे घराएवढा ट्रेलर जोडून लोक पर्वत ओलांडतात, तेथे कोलोरॅडोमधील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरांवर आहे, आणि तेथील हवा जवळजवळ तृतीयांशाने विरळ असते. पूर्ण वेगात आल्यावर टर्बो ही उणीव बरीचशी भरून काढतो. पण जाग येण्याआधीचा त्याचा आळस तेथे अधिक जाणवतो. या अवस्थेला तिकडचे लोक ‘डेड पेडल’ म्हणतात.

त्याच अमेरिकेत, आणि ऑस्ट्रेलियात तर फारच, आमच्या ड्रायव्हरला कोणीतरी सुचवलेली ती डबी अमाप खपते. पेडलचा संवेदक आणि पेटीकडे जाणारी तार यांच्यामध्ये ती जोडतात. पाय ३० टक्के दाबला तर ती पेटीला ५० टक्के दाबल्याचे कळवते. म्हणजे अर्ज तोच, पण मोठ्या आवाजात वाचून दाखवणारा मुखत्यार नेमला, एवढाच तिचा अर्थ. पेडलच्या पहिल्या भागातली बधिरता तिने जाते, रहदारीत गाडी चपळ भासते, आणि ज्याला तेवढेच हवे आहे त्याने ती घेतल्यास मी त्याला नावे ठेवणार नाही. परंतु पाय जेव्हा पूर्ण दाबलेला असतो तेव्हा शंभर टक्क्यांचे शंभर टक्केच होतात. डबीजवळ हवेचा एक लिटरही नसतो. घाटात पूर्ण पाय देऊनही जी गाडी उठत नाही, तिच्यावर हा खर्च करणे व्यर्थ होय. शिवाय चिखलात किंवा गर्दीत मागे घेताना इंच-इंच सरकवायची गाडी नेमकी तेव्हाच उसळी मारते, हा उपद्रव वेगळा.

दुसऱ्या सल्ल्याची, म्हणजे ‘प्रोग्राम मारून घेण्याची’, गोष्ट अधिक गंभीर आहे. पेटीतले कोष्टक बदलून धुराची मर्यादा सैल केली की गाडी खरोखरच लवकर उठते. पण ती कशाच्या जिवावर, हे वर आलेच आहे. ईजीआर बंद करणे, चाळणी कापून काढणे, हेही बहुधा या व्यवहाराच्या पोटातच येते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केलेल्या अहवालात, मागील सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची शुद्धीकरण यंत्रणा अशी काढून टाकण्यात आली असल्याचा अंदाज दिला होता. त्यांच्यामुळे होणारे वाढीव प्रदूषण नव्वद लाखांहून अधिक ज्यादा पिकअप रस्त्यावर आणण्याच्या तोडीचे ठरते, असेही त्यात नमूद होते. आपल्याकडे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने निर्बंध घातला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वाढलेल्या जोराचा आणि उष्णतेचा भार क्लचवर आणि टर्बोवर पडल्यावाचून राहत नाही.

मग करावे काय? येथे त्या एका महिन्याकडे परत यावे लागते. गाडी शोरूममधून आणल्या दिवसापासून उशिरा उठत असेल तर तो तिचा स्वभाव आहे; आणि काल-परवापर्यंत बरी असलेली गाडी एकाएकी मंदावली असेल तर तो आजार आहे. एवढा एक प्रश्न कोणी स्वतःला विचारला तरी डब्या विकणाऱ्यांचे अर्धे दुकान बसेल. आजाराची कारणे बहुधा क्षुद्र असतात: चोंदलेला एअर फिल्टर, पाणी शिरलेला किंवा तुंबलेला डिझेल फिल्टर, काजळीने लडबडलेला हवेच्या दाबाचा संवेदक, टर्बोच्या हलत्या पात्यांना अडकवणारी काजळी, त्या पात्यांना चालवणाऱ्या निर्वात नळीला गेलेला तडा, घसरणारा क्लच, चिकटून राहिलेला ब्रेक. आणि या सर्वांत सामान्य म्हणजे टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे आणि तेथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होज पाइपची चीर अथवा सैल क्लिप. टर्बो हवा दाबतो, पण ती वाटेतच निसटते. त्याला पुन्हा नव्याने दाबावी लागते, आणि विलंब दुणावतो. ही गळती नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही, कारण इंजिन थांबले की दाब संपतो आणि चीर मिटते. तिच्या खुणा मात्र राहतात: पाइपाच्या सांध्याशी तेलकट ओल, जोर लागताच सूं असा आवाज, आणि केव्हा केव्हा धूर. स्कॅनर जोडून गाडी चढावर चालवली तर पेटीने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांतली तफावत आकड्यांतच समोर येते. ही तपासणी न करता टर्बोच बदला म्हणणाऱ्या मिस्त्रीला, तो कितीही नामांकित असो, नमस्कार करून बाहेर पडावे.

स्वभावाला औषध नाही, पण त्याच्याशी जमवून घेता येते. टर्बोचे चाक मरगळू न देणे हे त्यातले मर्म आहे. इंजिन १,२०० फेऱ्यांवर गुरगुरत असताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबून बसणे म्हणजे रिकाम्या तिजोरीवर अर्जांचा ढीग रचणे. चढ लागण्याआधीच एक गिअर पाडून इंजिन १,८००-२,००० च्या आसपास ठेवले तर चाक आधीच जागे असते आणि मागितलेली शक्ती बहुतांश हातोहात मिळते. निर्मात्यांनीही हा पेच सोडवण्यासाठी नाना खटपटी केल्या आहेत. फोक्सवागनने आपल्या अमारोक पिकअपसाठी एक लहान आणि एक मोठा असे दोन टर्बो जोडले; व्होल्वोने २०१६ च्या सुमारास आपल्या डिझेल मोटारींत दोन लिटर दाबलेल्या हवेची टाकी ठेवून तिची फुंकर टर्बोच्या तोंडाशी सोडली; आणि त्याच वर्षी ऑडीने हवा दाबणारे एक चाक धुराऐवजी विजेवरच फिरवले, ते पाव सेकंदाच्या आत ७०,००० फेऱ्यांचा वेग गाठते. शेवटची युक्ती वर सांगितलेला म्हणीचा पेचच मोडून टाकते, कारण तिथे लग्नाचा खर्च बॅटरी करते. पण टोमॅटो वाहणाऱ्या गाडीच्या किमतीत ती बसत नाही.

आमच्या ड्रायव्हरने घाट चढून झाल्यावर घोटीजवळच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी उभी केली. त्याने बॉनेट उघडून हात आत घातला, इंटरकूलरच्या खालच्या पाइपाभोवती बोटे फिरवली आणि तेलाने काळी झालेली ती बोटे काही न बोलता आम्हाला दाखवली. क्लिपच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर होती. पाइप बदलायला पाऊण तास लागला. पुढे त्याच गाडीतून पुन्हा एकदा कसारा चढलो, तेव्हा ती बरीच सुधारलेली होती. तरी वळणावर पाय दिल्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदाची ती जुनी ओळखीची स्तब्धता उरलीच होती. “एवढं तिचं चालायचंच,” ड्रायव्हर म्हणाला, आणि पुढचे वळण दिसताच, अजून गाडी मंदावलेली नसताना, त्याने तिसरा पाडून दुसरा टाकला.